कॉम्प्युटरशेजारचा हूक

राजेश्वरीचे आबा, शहाजी, वाशीच्या मार्केटात कांद्याची पोती उचलायचे. साताऱ्याचा गडी, अंगात रग भरपूर. पोत्यात लोखंडी हूक रुतवला की पोतं मुकाट पाठीवर. त्या हुकाला ते घरात कुणाला हात लावू देत नसत. याच माणसाच्या हातून सत्त्याण्णव साली चहाचा कप सुटला, आणि मग रोज काहीतरी सुटतच गेलं.

डॉक्टरांनी राजेश्वरीला बाजूला घेऊन सांगितलं, हाताला हुकूम देणाऱ्या पाठीच्या कण्यातल्या पेशीच मरत चालल्यात, यावर औषध नाही. आबांना ते तिनंच सांगायचं होतं. तिची जीभ काही रेटली नाही.

नशिबानं तरी किती छळावं? राजेश्वरी बेलापूरच्या एका प्रयोगशाळेत कॉम्प्युटरवर तसल्याच पेशी बनवायची. खऱ्या पेशीच्या फांद्या जशा, तशा प्रोग्राममध्ये भरायच्या, थोडी वीज सोडायची. पडद्यावरची रेघ उसळली की पेशी बोलली. आकडे कमी केले की पेशी मरायची, वाढवले की परत उठायची. आबांनी विचारलं तेव्हा तिनं हे समजावलं होतं. त्यांनी त्यातून एवढंच घेतलं, की लेक मशीनवर आपला हात दुरुस्त करतेय. तेव्हापासून ते निर्धास्त. शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरगी बघतीया. व्हईल बरं." ती ऐकायची आणि आतल्या आत तुटायची.

खंडेनवमीला प्रयोगशाळेत कॉम्प्युटरची पूजा होती. आबा हट्टानं सोबत आले. त्यांनी पिशवीतून दोन्ही हातांनी कसाबसा हूक काढला आणि झेंडू वाहिलेल्या कॉम्प्युटरशेजारी ठेवला. पेढे वाटून झाले, मंडळी पांगली.

"चालू कर की," आबा म्हणाले. "बघू तरी माजी पेशी."

नाही कसं म्हणायचं? तिनं प्रोग्राम लावला. रेघ आडवी पडून होती. आकडा बदलताच टणकन उसळली. आबांचा चेहरा उजळला. त्यांनी उजवा हात हुकावर ठेवला आणि मूठ वळायला लागले. बोटं हलली नाहीत. तिनं पुन्हा रेघ उसळवली. बोटं तशीच. आता सांगायलाच हवं, असं ठरवून ती म्हणाली, "आबा, ही पेशी तुमची..."

"चुकलं माजंच," आबा मध्येच म्हणाले. "आज हत्यार चालवत्यात व्हय? आमी कवा ह्या दिवशी हूक लावला न्हाई, आन तुला मशीन चालवाय लावलं. कसा गुण यील? बंद कर. पाया पड त्येच्या. दसरा झाल्यावर लाव."

तिनं कॉम्प्युटर बंद केला आणि हात जोडले. आबाही जोडू लागले, पण त्यांचे हात काही जुळेनात. मग तिनंच ते धरून जुळवून दिले.