नकाशात हिरवं दिसलेलं आमचं गाव

मंडळी, आज डोकं लय फिरलंय.

मी परभणीत एका ऑफिसात पावसाचे नकाशे बनवते. जिल्ह्यावर बारीक चौकटींची जाळी असते. पाऊस झाला ती चौकट हिरवी, कोरडी राहिली ती तांबडी.

गेल्या आठवड्यात आमच्या गावाच्या, राणीसावरगावाजवळच्या चौकटी तांबड्या होत्या. साहेब म्हणाले, "हे काय चौकोन चौकोन दिसायलंय? लोक मोबाईलवर बघतात. चित्र छोटं करा."

छोटं करताना सॉफ्टवेअर शेजारशेजारच्या चौकटींची सरासरी काढतं आणि सगळ्यांचा मिळून एकच पिक्सेल रंगवतं. भोवती हिरवा, त्यात आमचा तांबडा विरून गेला. मी तसं बोलले. "दोन-चार चौकटींनी काय होतंय," साहेब म्हणाले. नकाशा सगळ्या ग्रुपांवर गेला.

आज दुपारी मामाचा फोन आला. तो मेंढरं घेऊन सेलूकडं चारायला गेला होता.

"तुझ्या ऑफिसचा नकाशा बघून मेंढरं गावाकडं आणली, बाई. इथं गवताची काडी न्हाई. तुझा नकाशा म्हणून कुणाला इचारलं पण न्हाई."

आवाज चढवला नाही त्यानं. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी मूळ फाइल उघडली, तांबड्या चौकटी बघितल्या आणि निवांत म्हणाले, "आपला डेटा तर बरोबरच हाय की."

बरोबरच हाय. आता तुमीच सांगा, मेंढरांपुढं तो डेटा टाकू का?