जरा झिणझिणतं

त्याला सगळे झटपट म्हणत. वॉशिंग मशीन बंद पडलं की फोन करायचा, आणि ओले कपडे बादलीत काढून होतात न होतात तोच हा दारात उभा, म्हणून झटपट. बुटका, पोट थोडं सुटलेलं, खांद्याला हत्यारांची जाडजूड कापडी पिशवी, आणि तोंडाचा पट्टा सतत चालू. मशीन उघडता उघडता तो घरातल्यांना सगळं समजावून सांगायचा. त्यांनी विचारलेलं असो वा नसो.

"काही अवघड नाही, वहिनी. एका बादलीत दुसरी बादली बसवलीय. बाहेरची बंद, आतली भोकाभोकांची. पाणी येतं, मोटर आतली बादली फिरवते, कपडे वर उचलले जातात नि खाली आपटतात. आपण दगडावर आपटतो तेच, फक्त हे बिचारं कंबर दुखते म्हणत नाही. मग खालचा पंप घाण पाणी बाहेर फेकतो, बादली गरागरा फिरते, कपडे पिळून निघतात. संपलं! बाकीची बटणं नि दिवे म्हणजे नुसता थाटमाट."

आणि निघताना, चपला घालता घालता, ठरलेला उपदेश. "पाणी तुंबलं तर आधी जाळी साफ करा, त्याच्यासाठी मला बोलवू नका. थरथरलं तर कपडे कमी कोंबा. पण खडखड आली, जळका वास आला, खालून पाणी गळायला लागलं, तर लगेच बोलवा. आणि हात लावल्यावर झिणझिणलं, तर आधी प्लग काढायचा, मग मला फोन. आधी मला फोन नि मग प्लग, असं नाही! मग फोन करायला कोणी उरत नाही." लोक हसायचे. तोही हसायचा.

त्याला एकच बहीण होती, धाकटी. आई लवकर गेली तेव्हा ती शाळेतसुद्धा जात नव्हती. वडील कामावर जायचे, त्यामुळे तिच्या वेण्या यानंच घातल्या. एक वेणी नेहमी वर, एक खाली. शाळेत मुली चिडवायच्या, पण तिनं घरी कधी सांगितलं नाही. दादाला वाईट वाटेल म्हणून. तिचा स्वभावच तसा होता. स्वतःचं काही असलं की ते शेवटी सांगायचं, आणि सांगून वर म्हणायचं, "घाई नाही."

लग्नानंतर ती पुलापलीकडं राहायला गेली. नवरा छापखान्यात कामाला, भला माणूस. एक मुलगी. ती स्वतः घरी साड्यांना फॉल लावायची, बाह्या आखूड करून द्यायची. कपडे धुऊन धुऊन तिचे हात फुटायला लागले तेव्हा झटपटनं एक जुनं मशीन आणलं. एका गिऱ्हाइकानं टाकून दिलेलं. त्यानं ते सगळं खोललं, गंज काढला, बेअरिंग बदललं, बाहेरून रंग मारला आणि टेम्पोत घालून तिच्याकडं पोहोचवलं. ती नव्या नवरीसारखी त्या मशीनभोवती फिरली. पांढऱ्या पत्र्यावर बोट फिरवत म्हणाली, "दादा, कुणाला सांगू नकोस हं जुनं आहे म्हणून."

बरीच वर्षं ते चाललं. मग दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, ते गच्चीतून न्हाणीघरात हलवलं. गच्चीत ऊन फार लागायचं. न्हाणीघरात प्लग नव्हता, म्हणून त्यांनी बाजारातून एक्स्टेन्शन बोर्ड आणला आणि खिडकीतून वायर आत घेतली.

तिचा फोन आला तेव्हा झटपट एका घरात जमिनीवर आडवा होता. डोकं मशीनच्या मागं, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला. तिनं आधी त्याच्या खोकल्याची चौकशी केली. मग वहिनीच्या गुडघ्यांची. मग भाचीच्या परीक्षेचं सांगितलं. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "आणि हो, मशीन जरा झिणझिणतं रे. घाई नाही. मोकळा झालास की ये."

"हो हो, येतो रविवारी," तो म्हणाला. त्याच्या हातातला स्क्रू नेमका तेव्हाच खाली पडला होता. तो चाचपडत शोधत होता.

प्लग काढ, असं तो म्हणाला नाही. ज्यांची नावंसुद्धा त्याला ठाऊक नव्हती अशा शेकडो बायकांना त्यानं ते सांगितलं होतं.

रविवारी एका लॉजची दोन्ही मशीनं एकदम बसली. चादरींचा डोंगर साचला होता आणि मॅनेजर रडकुंडीला आला होता. पुढच्या रविवारी याला ताप होता. तिनं आठवण करून दिली नाही. दाजी म्हणाले, रबरी चपला घालून वापर, काही होत नाही. आणि खरंच काही झालं नाही. चपला घातल्या की झिणझिण लागायचीच नाही.

त्या दिवशी सकाळी मशीनच्या मागचा पाइप निसटला आणि न्हाणीघरभर पाणी झालं. ती स्वयंपाकघरातून धावत आली, अनवाणी. मशीन बंद करायला तिनं त्याच्यावर हात ठेवला.

दाजींचा फोन आला. "दादा, या," एवढंच म्हणाले. आवाज नेहमीसारखाच होता. झटपटला वाटलं, शेवटी मशीन बंद पडलं वाटतं. त्यानं पिशवी खांद्याला लावली. वाटेत त्यानं मनात ठरवलंसुद्धा, की उशीर झाला म्हणून आधी तिच्याकडून चार शब्द ऐकून घ्यायचे. जिन्यात माणसं उभी होती. हा हत्यारांची पिशवी घेऊन वर चढताना दिसला तसा एक शेजारी भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. झटपटला काही कळेना. मग दार उघडं दिसलं.

काही आठवड्यांनी तो मशीन न्यायला गेला. न्यायच्या आधी त्यानं ते तिथंच उघडलं. बघायचं नव्हतं, पण बघितल्याशिवाय राहवत नव्हतं. मागचा पत्रा काढला, टॉर्च मारला, आणि तो तसाच उकिडवा बसून राहिला.

भाची दारात येऊन उभी होती. "मामा, काय झालं होतं?"

त्यानं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला मशीन समजावून सांगायला शब्द सापडेनात. "ही वायर बघ. मशीन थरथरलं की ती या पत्र्याच्या कडेला घासायची. वरचं प्लास्टिक झिजलं. आतली तार उघडी पडली. पत्र्यात करंट उतरला."

"मग तो सगळ्यांनाच का नाही लागला?"

"लागत होता. थोडा थोडा. चपला होत्या म्हणून कळत नव्हतं." तो थांबला. "अर्थिंग असतं तर करंट जमिनीत गेला असता, स्विच पडला असता. पण या बोर्डाला अर्थिंगची वायरच नाही."

बाहेरच्या खोलीत दाजी बसले होते. खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नीट करायला किती वेळ लागला असता?"

त्यानं टॉर्च बंद केला.

"मामा, तुला विचारतेय."

"चहा उकळेपर्यंत," तो म्हणाला.

भाचीनं मान हलवली. ती रडत नव्हती. "आई तुझ्याशी बोलली तेव्हा मी शेजारीच बसले होते. फोन ठेवला नि म्हणाली, दादा येणार आहे, आता काळजी नाही." आणि ती आत निघून गेली.

त्या वायरला पत्र्यापासून लांब धरून ठेवायला एक छोटी प्लास्टिकची क्लिप असते. ती जागेवर नव्हती. त्यानं मशीन आडवं करून तळ चाचपला, गाळ उपसला, पंपाची जाळी काढून बघितली. क्लिप मिळाली नाही. पाण्याबरोबर वाहून गेली असेल. किंवा रंग मारून मशीन जोडताना त्यानंच ती लावली नसेल. त्यानं खूप आठवून बघितलं. बेअरिंग बदलल्याचं आठवत होतं, रंगाचा ब्रश आठवत होता, टेम्पोवाल्याचा चेहरासुद्धा आठवत होता. क्लिप आठवत नव्हती. हे आता त्याला कधीच कळणार नव्हतं.

त्यानं त्या मशीनचा एकही भाग ठेवून घेतला नाही. मोटर चांगली होती, पंप चांगला होता. सगळं भंगारात घातलं, आणि भंगारवाल्याला आपल्यासमोर ते ठेचायला लावलं. भंगारवाला म्हणाला, "चांगलं मशीन आहे की."

दाजींनी त्याला कधी दोष दिला नाही. त्यानंही दाजींना दिला नाही. एकमेकांवर ओरडले असते तर बरं झालं असतं. पण ते भेटले की तब्येतीचं विचारायचे, मग दोघंही चहाच्या कपाकडं बघत बसायचे. हळूहळू ते बसणंही थांबलं.

कामावर तो जात राहिला. पण आता घरात शिरला की मशीनकडं न बघता आधी प्लगच्या भोकात टेस्टर घालायचा. अर्थिंग नसलं की मशीनला हात लावायचा नाही. "आधी वायरमनला बोलवा." लोक म्हणायचे, अहो, एवढी वर्षं चाललंय, तुम्ही पाणी का तुंबतंय ते बघा ना. एका घरी त्यानं पक्कड काढून मशीनचा प्लगच कापून टाकला. घरमालक भडकला, "दुरुस्त करायला बोलावलं की मोडायला?" झटपटनं कापलेला प्लग खिशात घातला आणि जिना उतरला. तोंडाचा पट्टा केव्हाच बंद झाला होता. बादलीची गोष्ट तो आता कुणाला सांगत नसे.

बायको एकदा म्हणाली, "तुम्ही किती जणांना वाचवताय, तसा विचार करा ना."

"बैल गेला नि झोपा केला," तो म्हणाला. "गोठा कितीही चांगला बांधला तरी बैल येत नाही."

फोन कमी होत गेले. जे त्याला बोलवायचे त्यांना आता दुसरा मेकॅनिक बरा वाटायला लागला, जो न बोलता पंप बदलायचा आणि जायचा.

मग एक दिवस स्पेअर पार्टच्या दुकानात त्याला कळलं, की भाचीला नोकरी लागली, तिनं स्वतंत्र खोली घेतली आणि नवं मशीनही घेतलं. कंपनीचा माणूस बसवून आला होता, तोच दुकानात सांगत होता. हा तिचा मामा, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं.

घरी येऊन झटपटनं तिला फोन लावला. तिनं उचलला.

"बोल, मामा."

"मशीन घेतलंस म्हणे."

"हो."

"मी एकदा बघून जाऊ का? नुसतं बघतो. हात लावत नाही."

पलीकडं ती भांडी आवरत असल्याचा आवाज येत होता.

"नको, मामा. झालंय सगळं नीट."

"बरं."

"मामी कशी आहे?"

"बरी आहे."

"ठेवते मग."

बायको दारात उभी होती. "काय म्हणाली?"

"तुझी चौकशी करत होती," तो म्हणाला.

त्यानंतर त्यानं काम सोडलं. अधूनमधून अजून कुणीतरी जुनं गिऱ्हाईक फोन करतं. मशीन पाणी सोडत नाही, मशीन फिरत नाही. फोन बायको उचलते. "ते आता जात नाहीत," ती सांगते. तो तिथंच खुर्चीत बसलेला असतो आणि ऐकत असतो.