एसटी आली तो दिवस

अकरावीत असताना आमच्या चामोर्शीच्या कॉलेजात इतिहास-संशोधनाच्या दोन स्पर्धांचे कागद एकाच दिवशी लागले. एक दोघांच्या गटाची : विषय किल्ले, अंतिम फेरी नागपूरला. दुसरी एकट्याची : विषय आपलं गाव, निबंध पोस्टानं पाठवायचा. अट एकच, लेखी पुरावा हवा.

सर म्हणाले, "किल्ला घ्या. किल्ला आयता उभा हाये."

माझ्याच गावच्या, एसटीत माझ्याशेजारी बसणाऱ्या खुशालनं गाव घेतलं. आमच्या गावात पहिली एसटी कधी आली, हा त्याचा शोध.

"एसटीचा का इतिहास असते बे?" मी.

"आपण तिच्यातच बसून शिकून राह्यलो ना? चाल माह्यासंगं. नाव एकाचं, हिंडू दोघं."

"मले सीईटी हाये."

सीईटीला दीड वर्ष होतं. आठवड्यात मी रोशनसोबत किल्ल्याच्या गटात नाव दिलं. नागपूर फुकटात पाहायला मिळत होतं. त्या दिवसापासून खुशाल एसटीत पुढच्या सीटवर बसू लागला.

तो एकटाच घरोघर हिंडला. कुणी म्हणे, मोठ्या पुराच्या आधी. कुणी म्हणे, आमची काळी म्हैस मेली त्या साली. नेमकं सांगणारा एकच भेटला : थांब्याजवळ सायकलची पंक्चर काढणारा रामाजीभाऊ. साठीला टेकलेला, घरात दुसरं कुणी नाही.

"माय सांगे, सकाळी एसटी आली अन् दुपारी तू आला."

खुशालनं शाळेचं जुनं रजिस्टर काढायला लावलं. रामाजीचा जन्म : एक जुलै. पुरावा मिळाला! पोरगं धावत थांब्यावर गेलं.

रामाजीभाऊ चाकाची हवा तपासत म्हणाला, "जुलैत नाल्याले छातीभर पाणी. एसटी का पोहत आली?"

मग खुशालला उमजलं. रजिस्टरात अर्धं गाव एक जुलैलाच जन्मलं होतं. नाव घालताना गुरुजी तीच तारीख टाकत. त्यानं लिहिलेली पानं फाडली. मुदतीला चार दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी, आधीच्या फेरीत राहून गेलेल्या म्हाताऱ्या कमलाबाईच्या अंगणात तो पाणी प्यायला थांबला. "काऊन हिंडून राह्यला रे उन्हाचा?" तिनं विचारलं. त्यानं सांगितलं.

"मंग माह्याकडं आंदी यायचं ना, बैताडा! लगनाच्या दुसऱ्या दिवशी मी तिच्यातूनच तर उतरली."

लग्नात मिळालेला पाण्याचा पितळी गुंड तिनं माळ्यावरून काढला. चिंचेनं घासल्यावर अक्षरं दिसली : नाव, आणि खाली लग्नाची तारीख, १० मे १९६६. म्हणजे एसटी अकरा मेला आली. रामाजीभाऊही.

गुंडाचा फोटो जोडून निबंध गेला. उत्तरादाखल सहभागाचं प्रमाणपत्र आलं, तेही नाव चुकवून. आमच्या किल्ल्याला तिसरा नंबर मिळाला. मजकूर कुठून उतरवला, ते कुणी विचारलं नाही.

पुढच्या अकरा मेला मी चामोर्शीहून एसटीनं परतलो, तर थांब्यावर खुशाल आणि रामाजीभाऊ, मधे कागदावर जिलबी. बाकी थांबा रिकामा. रामाजीचा आयुष्यातला पहिला वाढदिवस.

खुशालनं जिलबीचं एक कडं माझ्यापुढं धरलं.

"हा हिंडला होता का तुह्यासंगं?" रामाजीभाऊनं विचारलं.

"नाई," खुशाल म्हणाला. "पण एसटीनं आला ना."