चिंचेनं घासलेला अँटेना

शिरड शहापुरात "अँटेनावाली सून" कुठं राहते म्हणून विचारा, शेंबडं पोरगंसुद्धा संध्याच्या दारात आणून सोडील. मान मोठा, पण त्याची तऱ्हा अशी की कुणाच्या मोबाईलला रेंज नसली की संध्याला हाक, टीव्हीवर मुंग्या आल्या की संध्याला हाक. आपण वसमतच्या कॉलेजात तासावर शिकवतो आणि पीएचडीसाठी अँटेना बनवतो, हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं. लोक म्हणतात, व्हय व्हय, तेच की, चढा जरा पत्र्यावर.

तिचा अँटेना पत्र्यावरचा नव्हेच मुळी. नाण्याहून जरासा मोठा, तांब्याचा थर दिलेला चौकोनी तुकडा. मोबाईलच्या लहरींचा पट्टा वेगळा, वायफायचा वेगळा, ठिकाण दाखवणाऱ्या उपग्रहाचा तिसराच. हे तिन्ही एवढ्याशा जागेत बसवायचे. लांब लहरीला लांब तांबं लागतं, मग ते नागमोडी वळवून कोंबायचं. एका खाचेला हात लावला की दुसरा पट्टा जागचा हलतो. कॉम्प्युटरवर तिचे तिन्ही पट्टे बराबर जुळले होते. आता पुण्याच्या प्रयोगशाळेत तो खरोखर मोजून घेतला की प्रबंध पुरा, आणि मग कायमच्या नोकरीची आशा.

घोडं अडलं होतं घरात. सासरे जळबा लकव्यानं अंथरुणाला खिळलेले. घडीघडी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. सासू सोजराबाईचे गुडघे गेलेले, नवरा रत्नपाल नाशकात कंपनीत. मग उचलणार कोण? संध्याच. पुण्याची तारीख मिळायची आणि हातची जायची, दोनदा असंच झालं. बरं, जाऊ नको असं तिला कुणीच म्हणालं नाही, तीच तर पंचाईत! भांडायला तोंडच नव्हतं. मायाळू माणसांच्या घरातून पाय काढणं किती अवघड, हे कुणाला सांगायचं? ती आतल्या आत जळायची. रत्नपालला फोनवर म्हणायची, या घरानं मला दाव्याला बांधून ठेवलंय.

या खेपेला सोजराबाईनंच पदर खोचला. हट्ट्याहून भावाला, सोनाजीला, आठवडाभर बोलावून घेतलं. सुनेची बॅग स्वतः भरली. भरताना अँटेना हाती लागला, हवेनं काळा पडलेला. पुण्याच्या शिकल्यासवरल्या लोकांपुढं घरची वस्तू अशी कळकट न्यायची? तांब्याचा तांब्या लख्ख करायची तिची उभ्या जन्माची सवय. चिंच घेतली, राख घेतली, तारेची घासणी घेतली आणि बसली घासत.

सकाळी बसला निघायच्या आधी संध्यानं तो पाहिला. नवाकोरा चमकत होता, आणि तांब्याच्या बारीक ओळी जागोजाग उडालेल्या. सोजराबाई कौतुकाची वाट बघत उभी होती. संध्यानं उडालेल्या ओळी तिला बोटानं दाखवल्या. काय झालं ते कळल्यावर म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला आणि रडायलाच लागली.

संध्यानं अंगणात जाऊन प्रयोगशाळेतल्या निताला फोन लावला. निता म्हणाली, एवढंच ना, दुसरा तुकडा करा आणि गुरुवारी या, मी तुमची वेळ राखून ठेवते. तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं. सामान घरात होतं, आराखडा कॉम्प्युटरात होता, सोनाजी आठवडाभर राहणार होता.

फोन ठेवून संध्या तिथंच उभी राहिली. मोजल्यावर तिनाचे दोनच पट्टे निघाले तर? आजवर घराला बोल लावला, मग कुणाला लावायचा? याचीच तिला भीती होती. आणि अँटेना बिघडला म्हणून आपल्याला बरं वाटतंय, हेही तिला कळलं. तिला स्वतःची लाज वाटली.

ती आत आली. सोजराबाईनं डोळे पुसत विचारलं, "काय म्हणल्या गं त्या बाई?"

"न्हाई म्हणल्या, आत्याबाई. आता लई महिने तारीख न्हाई."

"माझ्या हातानं तुझं वाटोळं झालं, माय."

खरं बोलायला अजून वेळ होता. संध्या जळबाच्या खाटेपाशी गेली. सोनाजी हात लावायला पुढं आला, तर त्याला तिनं बाजूला सारलं.

"ऱ्हाऊ द्या मामा, तुमाला जमायचं न्हाई," ती म्हणाली, आणि म्हाताऱ्याला एकटीनंच कुशीवर वळवू लागली.