घाटात ब्रेक लागले नाहीत

तसा तो साधा अपघात, पण अजून माझ्या डोक्यातून जात नाही. दसऱ्याच्या दिवशी वणीच्या गडावरून उतरताना एक जुनी गाडी कठड्यावर आदळली. चालवणारा पंचवटीतला दुकानदार. त्याचा पाय मोडला, बायको थोडक्यात वाचली. "ब्रेक लागलेच नाहीत," असा त्याचा जबाब. कुणावर संशय? "नाही."

दुसऱ्या दिवशी आमच्या पोलीस ठाण्यात निनावी फोन आला. "त्याच्या धाकट्या भावानं ब्रेक बिघडवले. जागेच्या वाटणीचा वाद आहे." आवाज दाबलेला होता. असे फोन मी कधी सोडले नाहीत.

धाकटा अंबडच्या कारखान्यात फिटर. अपघाताच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांनी त्याला त्याच गाडीचं बॉनेट उघडून उभं पाहिलेलं. मला आणखी काय हवं होतं? खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं असतं, तर तो आयुष्यातून उठला असता. त्याला बसवून घेतलं.

"खंडेनवमीला गाडी धुतो, ब्रेक ऑइल भरतो, मग पूजा. दरवर्षीचंच आहे, साहेब."

"कुठलं ऑइल?"

"दादानं ठेवलेली जुनी बाटली आहे. नवीन आणू म्हटलं, तर म्हणतो, अर्धी भरलेली फेकायची का?"

आता भावावर ढकलतोय, असं मी मनात म्हटलं.

आरटीओच्या निरीक्षकानं गाडी तपासली. पाइप शाबूत, गळती नाही, पेडल कडक. मग ब्रेक लागले कसे नाहीत? मला थोरल्याच्या जबाबाचाही संशय येऊ लागला. निरीक्षकानं थोडं ऑइल काढून दाखवलं, काळपट, उकळून उरलेल्या चहासारखं.

"नवं असतं तेव्हा फिकट पिवळं असतं. हे हवेतलं पाणी शोषतं. घाटात ब्रेक तापले की त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल खाली जातं. गार झालं की पुन्हा कडक. वरून भरत राहून भागत नाही, दोनेक वर्षांनी सगळं काढून नवं घालावं लागतं."

पंचनाम्यात घरची बाटली जप्त केली. झाकण चिरलेलं होतं. आत पावसाळ्यांची ओल मुरलेली, आणि तेच दरवर्षी गाडीत जात होतं.

निनावी फोनचा नंबरही निघाला. तो दवाखान्याचा होता, थोरल्याच्याच वॉर्डातला. विचारल्यावर थोरल्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मला त्याचा राग आला, अजूनही येतो.

धाकट्याला सोडताना मी म्हणालो, "फोन कुणी केला, सांगू?"

तो चप्पल घालत होता. "नका सांगू, साहेब. दादाचा डबा घेऊन मलाच जायचंय."

खोटं कसं ओळखायचं, हे मी नोकरीत शिकलो. खरं समोर असताना ते न विचारता घरी कसं जायचं, हे मला त्या माणसानं शिकवलं. मला ते अजून जमत नाही.