मुक्कामाला पोचेपर्यंत

भिंतीपलीकडून भात लागल्याचा वास आला की समजावं, लीलाबाई लढाई वाचताहेत. मी इकडून ओरडायची, "लीलाबाई, गॅस!" पलीकडून उत्तर यायचं, "लागू द्या जी भात! माहे शिपाई अजून नदीत हायेत."

भद्रावतीला, कारखान्याच्या वसाहतीला लागून आमची घरं. मध्ये कंबरेएवढी भिंत. लीलाबाई शिकलेल्या सातवीपर्यंत, आवाज मात्र हेडमास्तरचा. कादंबरीला हात लावायच्या नाहीत. इतिहास, लढाया, फौजेतल्या आठवणी, एवढंच वाचायच्या, कारण एकुलता एक विजय फौजेत होता. त्यांचा एक नियम होता: लढाई अर्धी ठेवून पुस्तक मिटायचं नाही. शिपाई कुठंतरी मुक्कामाला पोचले, बूट निघाले, चूल पेटली, की मगच पानात एसटीचं तिकीट खुपसून त्या उठायच्या.

मी तेव्हा शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली, साठीतली पोर. इतिहासाची एम.ए., आणि ते चारचौघांना कळावं याची भारी हौस. ती भागवायला मी शनिवारचं वाचक मंडळ काढलं. देवळाच्या सभामंडपात सतरंजी टाकायची आणि ज्याने त्याने वाचलेल्या पुस्तकावर मत द्यायचं. मी 'व्यूहरचना', 'साधनांची विश्वासार्हता' असले शब्द घोळवायची आणि लोक माना डोलवायचे. त्या माना डोलत नव्हत्या, पेंगत होत्या, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

एका निवृत्त सेनाधिकाऱ्याच्या जाडजूड आत्मवृत्ताची मी एकदा तोंड भरून स्तुती केली. लीलाबाई म्हणाल्या, "मानूस हुशार हाय, पन निर्दयी हाय. पोरायले बर्फात उभं ठेवून धडा संपवते, अन् पुढच्या धड्यात सोता दिल्लीले चहा पिऊन राह्यला."

दुसऱ्या एका ग्रंथावर त्यांचं मत, "घोडे किती मेले थे लिवलं हाय. भाकरी कोन करत व्हतं, थे नाई."

मी चष्मा सावरून म्हटलं, "लीलाबाई, इतिहास काळजाने वाचायचा नसतो."

"तुमचा पोरगा पुन्याले बँकेत हाय नं बाई. तुमी वाचा डोक्यानं."

त्या शनिवारी माझी व्यूहरचना जरा लवकर आटोपली.

मग एका उन्हाळ्यात सरहद्दीवर तणाव वाढला. टीव्हीवर दिवसभर नकाशे आणि लाल बाण. विजयचा फोन लागेना. दुपारी जवळच्या कोळसाखाणीत सुरुंग उडाला, मांडणीवरची भांडी थरथरली, की लीलाबाईंचा हात होता तिथंच थांबायचा. भांडी शांत झाली तरी हात हलायचा नाही. टीव्ही त्यांनी बंद करून टाकला आणि माझ्या पेटीतलं एक जुनं पुस्तक मागून नेलं.

दुसऱ्या दिवशी त्या दारात उभ्या. हातात पुस्तक उघडंच.

"बाई, समोरचे पानं वाळवीनं खाल्ले. पल्टन नदीत हाय."

"त्यात काय!" मी म्हटलं. "पुढचं मला ठाऊक आहे. आपण जिंकलो."

"जिंकलो थे ठीक हाय. पन पोचले का?"

ते मला ठाऊक नव्हतं. एम.ए.ला कुणी विचारलंच नव्हतं.

सकाळच्या एसटीने आम्ही दोघी चंद्रपूरला निघालो, दोन-तीन पानं वाचायला. त्यांच्या एका हातात वाळवीचं पुस्तक, दुसऱ्या हातात मोबाइल. "रेंज हाय नं? पाहा बरं." मी पाहायची. खरं तर मीही घाबरले होते, आणि घाबरले की मी बोलत सुटते. घोडपेठपासून ताडाळीपर्यंत मी त्यांना नदी ओलांडण्याचं युद्धशास्त्र समजावलं. शेवटी खिडकीवरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "बाई, थोडं चूप राहता का?"

वाचनालयात दुसरी प्रत मिळाली. लीलाबाईंनी ती माझ्यापुढे सरकवली, म्हणून मी वाचलं. काही जण वाहून गेले. बाकीचे पलीकडच्या काठावर चढले, कपडे पिळले आणि ओल्या काटक्या पेट घेईनात म्हणून एकमेकांना शिव्या देत बसले.

"काही जन म्हंजे किती?"

"लिहिलेलं नाही."

त्यांनी मोबाइलकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "शिव्या देऊन राह्यले नं? मंग जिते हायेत. मिटा आता."

फोन त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आला तेव्हा लीलाबाई तांदूळ निवडत होत्या. विजय एवढंच म्हणाला, "आई, जेवलो." फोन ठेवून त्यांनी सूप मांडीवर ओढलं आणि निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायला घेतले. गप्प बसणं मला तेव्हाही जमत नव्हतं. म्हटलं, "पाहा, त्या पुस्तकाचा आणि याचा काही संबंध होता का?"

"संबंध हाय असं मी कुठी म्हनतो? पन लोकायच्या लेकरायले पान्यात ठेवून मले जेवन जाते का?"

गेल्या वर्षी एका दुपारी लीलाबाई वाचता वाचताच गेल्या. रजा घेऊन विजय पोचला, तोवर सगळं आटोपलं होतं. खुर्चीशेजारी पुस्तक उपडं पडलेलं. कुणी हलवलं नव्हतं. तिकीट पानात नव्हतं, भुईवर होतं. मी पुस्तक उचलून पान पाहिलं. तुकडी खिंडीत अडकलेली, बर्फ पडतोय, वाट दिसत नाही. गुपचूप मिटून फळीवर ठेवावं म्हटलं, तर विजयने हात पुढे केला. हाच मुलगा आईच्या पुस्तकांना हसायचा. "काकू, यात आमच्यासारखा एकही नसते. कोनाचे पायच दुखत नाई," म्हणायचा.

त्याने पानावर नजर फिरवली. "अर्ध्यातच राह्यले का?"

"हो रे."

तो आईच्या खुर्चीत बसला आणि ओळीवर बोट ठेवून, अडखळत, मोठ्याने वाचू लागला. एका जागी थांबून म्हणाला, "असं नाई होत बर्फात." नाक पुसलं आणि पुढे वाचू लागला.

भिंतीपलीकडून, माझ्या घरातून, भात लागल्याचा वास यायला लागला. मी उठले नाही. तुकडी अजून उतारावर होती.