दाजींचं चौथं पाकीट

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, इदिरिस दाजी, एकतीस वर्षं विजेचे मीटर वाचत हिंडले. आमच्या तालदिकोर्गन शहरात असा जिना सापडायचा नाही, ज्याच्या खाली वाकून त्यांनी टॉर्च मारली नाही. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीकडे बघतात, मग माणसांकडे. माझ्या टायरच्या दुकानात येतात तेव्हा ख्यालीखुशालीच्या आधी विचारतात, "मारलेन, हा दिवा दिवसा कशाला?" मी दिवा बंद करतो. ते गेले की परत लावतो.

हा माणूस कापचागायच्या कॅसिनोवाल्या हॉटेलात तीन दिवस राहून आला, असं सांगितलं तर आमच्या गल्लीत अजून कुणी विश्वास ठेवत नाही.

मूळ कारण ताई. कामकाताई लग्न होऊन या घरात आली त्याला अडतीस वर्षं झाली, आणि तेवढी वर्षं ती चहा ओततेय. आमच्याकडे चहा घरच्या बाईनं ओतायचा, आणि तोही पेल्याच्या तळाशी दोन घोट, म्हणजे पाहुणा पुन्हा पेला पुढे करतो. मानाचा चहा तो. काठोकाठ भरलेला पेला हातात दिला तर त्याचा अर्थ, प्या आणि उठा. दोन-दोन घोटांनी दहा पाहुणे तृप्त करायचे म्हणजे बाईचं ढुंगण समोवारच्या बंबापासून हलत नाही. दाजी वेळेला अत्तराच्या थेंबासारखे पैसे मोजतील, पण दारातून पाहुणा परत गेला असं कधी झालं नाही. चहा काय, तो ताईच ओतणार होती.

गेल्या सप्टेंबरात ताई म्हणाली, "मला तीन दिवस पाहिजेत. तीन दिवस मी कुणाला चहा ओतणार नाही. कुठंही न्या."

दाजींनी पंधरा दिवस जाहिराती चाळल्या. सगळ्यात स्वस्त निघालं ते तळ्याकाठचं कॅसिनोचं हॉटेल. ऑक्टोबरात तिथं चिटपाखरू नसतं, म्हणून तीन दिवस, तीन रात्री, दोघांचा नाश्ता, सगळं अर्ध्या भावात.

"एवढं स्वस्त का देतात माहितीये?" मी म्हटलं. "खाली यंत्रांवर तुमची चड्डी काढून घेतात."

"पण आपण खेळणारच नाही," दाजी म्हणाले. "म्हणजे नुकसान त्यांचं." आणि असे हसले, की जणू हॉटेलचा मीटर उलटा फिरवून आले.

खर्चाची त्यांनी चार पाकिटं केली. पहिल्या तिन्हींवर सोमवार, मंगळवार, बुधवार, प्रत्येकात पंधरा हजार टेंगे. चौथ्यात बँकेचं कार्ड. त्यावर हिवाळ्याच्या कोळशाचे पैसे होते. ते पाकीट डिंकानं चिकटवलं, जोडावर सही ठोकली आणि लिहिलं: 'कुणी मेल्याशिवाय उघडू नये.' गाडी माझी, म्हणून मलाही नेलं. पेट्रोलही माझंच, माझी वेगळी खोलीही माझ्याच खर्चानं. पाकिटांत ते नव्हतं.

सोमवारी सकाळी पोचलो. दाजींनी आधी लिफ्टचे दिवे मोजले, मग बाहेर कॅसिनोच्या दाराशी असलेलं पैसे काढायचं यंत्र बघून आले. "एका वेळी आठशे कापून घेतं," ते म्हणाले. "दरोडेखोर." ताईनं खिडकीतलं तळं बघितलं, चपला काढल्या आणि पलंगावर आडवी झाली. भर दिवसा आडवी झालेली ताई मी आजारपण सोडून कधी पाहिली नव्हती. मला फार बरं वाटलं.

ती तशीच राहिली असती, जर हॉटेलनं खोलीच्या चावीबरोबर एक कूपन दिलं नसतं. पाच हजार टेंग्यांचा खेळ फुकट, दुपारी दोनपर्यंत. आता दाजी जुगार खेळणार नाहीत हे खरं, पण फुकटची वस्तू वाया घालवणार नाहीत हे त्याहून खरं. पावणेदोनला ते मला घेऊन खाली उतरले. "लवकर संपवू," म्हणाले, "जेवायचं थांबलंय." आणि एका यंत्रासमोर उभे राहून, एका झटक्यात कूपन संपावं म्हणून त्यांनी सगळ्यात मोठं बटण दाबलं.

यंत्र बोंबलायला लागलं. दिवे लागले, घंटा वाजल्या, दाजी दोन पावलं मागं सरले. "शॉर्ट झालं," ते म्हणाले. "मेन स्विच कुठाय?"

मी आकडा वाचला. एक लाख शहाऐंशी हजार टेंगे. आणि माझ्या तोंडातून आपोआप निघालं, "सुइंशी, दाजी! सुइंशी!"

चांगली बातमी आणणारा आधी सुइंशी म्हणून ओरडतो, ऐकणाऱ्यानं 'काय हवं ते घे' म्हणायचं, आणि मग बातमी सांगायची, ही आमची रीत. त्यावर मागे फिरता येत नाही. दाजी यंत्राकडे बघत पुटपुटले, "घे, काय हवं ते घे," आणि मी दहा हजार घेतले. लाज वाटते सांगायला, पण घेतले. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी यंत्राचा आणि तोंड उघडं टाकलेल्या दाजींचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पुढं जे झालं त्याला जबाबदार मी आहे. ताईनं मला अजून बोल लावलेला नाही, हेच जास्त लागतं.

संध्याकाळी सहाला भाड्याची मोठी गाडी हॉटेलच्या दाराशी लागली आणि तिच्यातून सतरा माणसं उतरली. पुढं ओरिन्शा वहिनी, म्हणजे दाजींच्या थोरल्या भावाची बायको, ताईची मोठी जाऊ. आवाज असा, की खालचा रखवालदार टोपी सावरून उभा राहिला.

"इदिरिस! जिंकलास आणि कळवलं नाहीस?"

"वहिनी, आत्ताच तर..."

"असू दे. जिंकलेलं धुवायला पाहिजे, नाहीतर टिकत नाही." धुवायचं म्हणजे सगळ्यांना जेवू घालायचं. गाडीचं भाडं साठ हजार, ते जिंकणाऱ्यानंच द्यायचं. जेवण नव्वद हजार. शिवाय प्रत्येकानं आपापली चांगली बातमी जपून आणली होती. एकाची सून गरोदर. एकाच्या मुलाला नोकरी. एकाच्या गाईला जुळी वासरं. "सुइंशी!" "घे." "सुइंशी!" "घे." एकानं तर दात काढल्यावर दुखायचं थांबलं, त्याचीही सुइंशी मागितली. कॅसिनोच्या रोखपालानं सगळे पैसे मोठ्या नोटांत दिले होते, आणि सुइंशी देताना सुटे परत मागत नाहीत. जेवणाचं बिल येईपर्यंत जिंकलेले संपून सोमवारचं पाकीटही रिकामं झालं होतं.

रात्री सगळे गावात ओरिन्शा वहिनीच्या भाच्याकडे झोपले. मंगळवारी सकाळी परत हजर. भाच्याचं कुटुंब धरून एकवीस.

नाश्ता दोघांचाच होता, म्हणून सगळे खोलीत बसले. पलंगावर, जमिनीवर, खिडकीच्या कठड्यावर. बाहेर चारशे बारा नंबरच्या दाराशी बुटांची रांग जिन्यापर्यंत गेली. हॉटेलचा माणूस येऊन हळूच विचारून गेला, "आत कुणाचं काही बरंवाईट झालंय का?"

खोलीत तीन पेल्यांची विजेची किटली होती. ताई तिच्याजवळ बसली होती. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. एकवीस माणसं, किटली तीन पेल्यांची, पेल्यात दोन घोट. दाजी प्रत्येक वेळी किटली चढली की मनातल्या मनात युनिट मोजत होते, ओठ हलताना दिसत होते. मी ताईकडे बघत होतो. ती खिडकीतल्या तळ्याकडे पाठ करून बसली होती, कारण किटलीचा प्लग त्या बाजूला होता. मला तिथंच रडू येईल की काय असं झालं.

दुपारपर्यंत खाण्याच्या सामानात आणि नव्या सुइंशींत मंगळवारचं पाकीट गेलं, बुधवारचं गेलं. वहिनींनी जेवणाचं काय ते विचारलं. दाजी मला घेऊन खाली काउंटरवर गेले.

"बुधवारची रात्र रद्द केली तर पैसे परत मिळतील?"

"मिळतील," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "पण रोख नाही. कार्डावरच."

"दाजी," मी त्यांचा दंड धरला, "ताईचे तीन दिवस."

"पाहुणे उपाशी बसवू? माझ्या भावाची बायको आहे ती!" त्यांचे डोळे लाल झाले होते. "तुझ्या ताईला घरीही आराम मिळेल."

"घरी? समोवारपाशी?"

दाजींनी दंड सोडवून घेतला. खोलीत येऊन त्यांनी चौथं पाकीट काढलं, आपली सही बघितली आणि फाडलं. तेवढ्यात भाच्याच्या म्हाताऱ्या सासऱ्यांनी हात पसरून आशीर्वाद द्यायला सुरुवात केली. आशीर्वाद चालू असताना ज्याला तो देतात त्याला उठता येत नाही, आणि सासरे तर सातव्या पिढीपासून सुरुवात करणारे. दाजींनी बसल्या जागेवरून ताईच्या हातात कार्ड दिलं. "चाळीस हजार काढून आण," ते कुजबुजले. "काउंटरवर दाखव, परतीचे पैसे त्यावर जमा करतील. पिनचा आकडा आपल्या लग्नाचा दिवस. चौदा दहा."

मी ताईबरोबर खाली गेलो. दिवसही चौदा ऑक्टोबरच होता. दाजींना सकाळपासून तो आठवला होता की नाही, देव जाणे.

पैसे काढायच्या यंत्रासमोर ताई उभी राहिली. "मारलेन," तिनं विचारलं, "आकडा चुकला तर काय होतं?"

"पुन्हा दाबायचा."

"आणि पुन्हा चुकला तर?"

"तिसऱ्यांदा चुकला तर कार्ड गिळतं. मग बँकेत हेलपाटे. दहाएक दिवस."

"पैसे जातात?"

"पैसे कुठं जातात? राहतात बँकेत."

"बरं," ताई म्हणाली, कार्ड आत सरकवलं आणि एक-एक-एक-एक दाबलं.

"ताई, चौदा दहा!"

"ऐकू येतं मला." दोन-दोन-दोन-दोन. यंत्रानं पुन्हा नाही म्हटलं. मी हात पुढं केला होता, तो तिनं बाजूला सारला, आईनं माश्या वारल्यासारखा. तीन-तीन-तीन-तीन. यंत्र घरघरलं आणि कार्ड आत गेलं ते गेलंच. ताईनं यंत्रावर हलकेच थाप मारली. शेजाऱ्याच्या गाईला मारावी तशी.

खोलीत आशीर्वाद नुकता संपला होता. ताई दारातच उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "सुइंशी!"

सगळ्यांनी मान वळवली. दोन दिवसांत दाजींच्या जिभेला वळण पडलं होतं. "घे, काय हवं ते घे," ते म्हणाले.

"यंत्रानं कार्ड गिळलं."

 एकवीस माणसं एका वेळी गप्प झालेली मी त्याआधी फक्त मयताला पाहिली आहेत.

"अगं, ही कसली चांगली बातमी?" ओरिन्शा वहिनी म्हणाल्या.

"मला तरी चांगली वाटली, जाऊबाई." आणि ताई किटलीजवळ बसली आणि तिनं चहा ओतला. पहिला पेला वहिनींना. काठोकाठ. दुसरा काठोकाठ. तिसरा इतका, की म्हाताऱ्या सासऱ्यांना पेला उचलता येईना, त्यांनी वाकून तोंड लावलं.  सगळ्यांनी चहा संपवला, पेले उपडे घातले आणि बूट शोधायला बाहेर गेले. बुटांचीच वीस मिनिटं गेली.

वहिनी सगळ्यात शेवटी निघाल्या. मला वाटलं, आता भांडण. त्यांनी पिशवीतून बाउरसाकांची, म्हणजे पिठाच्या तळलेल्या गोळ्यांची, पुरचुंडी काढून ताईच्या मांडीवर ठेवली. "तुझी अडतीस," त्या हळूच म्हणाल्या, पण त्यांचं हळू आम्हा सगळ्यांना ऐकू आलं. "माझी चव्वेचाळीस झाली ओतून. मला का गं नाही सुचलं हे?" आणि गेल्या. परतीच्या गाडीभाड्याचे पैसे त्यांनीच दिले असावेत.

दाजी रात्रभर ताईशी बोलले नाहीत. मला वाटलं, कोळशाच्या पैशांचं दुःख. बुधवारी सकाळी मी खोलीत गेलो तर ताई खिडकीशी खुर्ची ओढून तळं बघत बसली होती आणि दाजी किटलीपाशी उभे होते.

"माझी सुइंशी राहिलीये," ताई म्हणाली. "काय हवं ते म्हणालात. चहा ओता."

दाजींनी पेला घेतला, मीटरच्या आकड्याकडे बघावं तसं वाकून बघत काठोकाठ भरला आणि दिला.

"अहो, हाकलताय का मला?"

त्यांनी पेला परत घेतला, अर्ध्याहून जास्त किटलीत ओतला आणि पुन्हा दिला. दोन घोट. ताईनं प्यायला, पेला पुढं केला. त्यांनी ओतला. असं चार-पाच वेळा झालं. मग दाजी पाठमोरे राहूनच म्हणाले, "लग्नाचा दिवस विसरलीस ना? तीन वेळा चुकल्याशिवाय यंत्र कार्ड गिळत नाही. तीन वेळा."

रात्रभर ते या गोष्टीसाठी फुगून बसले होते. कोळसा त्यांच्या डोक्यातही नव्हता.

"विसरले असते," ताई म्हणाली, "तर एकदा तरी चुकून बरोबर दाबला गेला असता." आणि पेला पुढं केला.

दाजी पाठमोरे होते ते वळले. मग त्यांनी दोन घोट ओतले. मी माझ्या खिशातले त्यांचे दहा हजार टेबलावर ठेवले, परतीचं पेट्रोल म्हणून, आणि दार ओढून घेतलं. निघताना मी मोजत होतो. ताईचा सातवा पेला चालू होता.